साईट दोनशेवर

बंदोबस्तावरून परत आलेल्या कार्बाइन बंदुका शस्त्रागारातले काका एकेक करून पुसत होते. कंबर पार कामातून गेली होती. नेम धरायची साईट लांबच्यासाठी दोनशे मीटरवर, जवळच्यासाठी पन्नासवर. आणि कपाटात ठेवताना दोनशेवरच, हा नियम. शेवटची कार्बाइन पन्नासवर निघाली. तिच्या नळीला अजून जळक्या दारूचा वास होता. सवयीच्या हाताने साईट दोनशेवर केलीसुद्धा, आणि मग काका मटकन स्टुलावर बसले.

तेवढ्यात साहेब आत आले.

“काका, चौकात गोळी लागून गेली ती पोरगी फार लांब होती, दिसलीच नाही, असं शिपाई सांगतोय. त्याची साईट दोनशेवरच होती ना?”

काकांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“आता आहे, साहेब.”