बाबांनी कोरलेली रेघ

नदीकाठी भिंत बांधायची ठरली. खर्च घरमालकांनीच उचलायचा होता. ज्याच्या घरात पूर जितका चढतो, तितकी त्याची पट्टी जास्त. हे ऐकल्याबरोबर टेलर पुट्टीचा डबा घेऊन आला आणि आपल्या घराच्या पुढच्या खोलीत छातीएवढ्या उंचीवर बाबांनी खिळ्यानं कोरलेली रेघ त्यानं बुजवून टाकली. रेघेखालचं "पाणी इथवर" हेही गेलं. वरून रंगाचे दोन हात मारले.

"त्यांनी काय हौस म्हणून कोरली होती का रे?" आई म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस. उद्या मोजणीवाले येतायत."

मोजणीवाल्यांनी गुळगुळीत भिंत पाहिली. "पाणी येतं का इथे?"

"छे हो! उंबऱ्यालासुद्धा शिवत नाही."

पट्टी माफ झाली. शेजारचे कंपाउंडर कुरकुरत पैसे भरत होते, तेव्हा टेलरला हसू आवरेना. पुढे नदीकाठची भिंत उभी राहिली आणि कंपाउंडरांच्या कुंपणापाशी येऊन संपली. जिथे पूर येत नाही, तिथे ती बांधायची कशाला?

त्याच वर्षी भिंतीला अडलेलं पाणी वळलं आणि टेलरच्या दारातून आत शिरलं.

पाणी ओसरल्यावर टेलर भिंत घासायला लागला, तशी पुट्टी ढलप्यांनी निघाली. बाबांची रेघ जशीच्या तशी होती. चिखलाचा डाग तिच्याहून हातभर वर होता. टेलरनं खिळा घेतला.

आईनं खराटा थांबवला.

"खोल कोर. तुझ्या पोराला बुजवता येणार नाही, इतकी खोल."