हिरव्या रंगाची फळी

धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं त्याच वर्षी पॉलिशवाल्याच्या बायकोनं चित्रं काढायला घेतली. शाळेत असताना तिला साधं फूल जमलं नव्हतं. पण चार वर्षांचा मुलगा गेल्यापासून तिचं अन्नावरून मन उडालं होतं, डोळ्याला डोळा लागत नव्हता, थोरल्या मुलीच्या वेण्या घालता घालता हात मध्येच थांबायचा. तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी तिच्या हातात गोळ्यांबरोबर रंगाच्या डब्या दिल्या. चांगलं दिसायला पाहिजे असं काही नाही, म्हणाल्या, मनातलं बाहेर येऊ द्या.

कागद तिला पुरेना. फाटायचा. मग पॉलिशवाल्यानं फर्निचरच्या कारखान्यातून प्लायचे उरलेले तुकडे आणले, कडा घासून गुळगुळीत करून दिल्या. दुपारी ती दार लावून बसायची. संध्याकाळी भिंतीला एक नवी फळी टेकलेली असायची.

"हे काय, म्हैस आहे की ढग?" तो विचारायचा.

"तुम्हाला काय दिसतं?"

"मला भूक लागलीय, मला वाढलेलं ताट दिसतं."

ती हसायची. ते हसू बघून तो दुसऱ्या दिवशी आणखी तुकडे आणायचा.

आणि जेवायला वाढताना ती रोज म्हणायची, "चूक तुमची नव्हती हो. कुणाच्याही घरात झालं असतं." पाण्याच्या बाटलीत थिनर भरून ठेवणारा तोच होता. पोरानं पाणी समजून ती तोंडाला लावली होती. पण ती असं म्हणाली, की त्याच्या घशाखाली घास उतरायचा.

त्या दिवशी ती थोरलीला घेऊन बाजारात गेली होती. पॉलिशवाला घरीच होता. एक फळी त्याच्या मनात भरली होती, सगळी हिरवी, मधे कुठेतरी एक पिवळा ठिपका. तिच्यावर वार्निशचा हात मारून ठेवू, ती आली की खूश होईल, असं त्याला वाटलं.

कुठल्याही जुन्या कपाटाला हात घालण्याआधी तो एका कोपऱ्यात नखाएवढी जागा खरवडून बघायचा. खाली रंगाचे किती हात आहेत, लाकूड कसं आहे. ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. ही फळी त्यानं स्वतःच आणली होती, खाली काय आहे ते त्याला ठाऊक होतं. तरी खरवडायची पत्री कोपऱ्यावर फिरलीच.

रंगाखालून एक काना निघाला. त्याच्या शेजारी अर्धं अक्षर.

तिथंच थांबता आलं असतं. तो थांबला नाही. आधी पत्रीनं, मग चिंधी थिनरमध्ये भिजवून त्यानं सगळी फळी पुसली. हिरवा रंग निघाला, पण खिळ्यानं कोरलेल्या खाचांत तेवढा बसून राहिला, त्यामुळे अक्षरं स्वच्छ दिसायला लागली.

'बाटलीवर खूण करा म्हटलं होतं मी. हसले. म्हणाले, आपल्या घरात कोण पिणार आहे. मी यांना कधी माफ करणार नाही.'

आपण असं म्हणालो होतो, हे तो पार विसरून गेला होता.

ती दारात आली ती वासानंच थबकली. मुलगा गेल्यापासून त्या घरात थिनरची बाटली उघडली नव्हती. तिनं थोरलीला शेजारी पाठवलं, पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या मांडीवरची फळी बघितली.

"वर्षभर समोर बसून खोटं बोललीस," तो म्हणाला. "मला घास भरवत होतीस आणि खोटं बोलत होतीस."

"ते खोटं नव्हतं."

"मग हे काय आहे?"

"हेही खोटं नाही." ती भिंतीला टेकून खाली बसली. "दुपारी हे इथं कोरून वर रंग फासला, की संध्याकाळी तुमच्याशी तसं बोलता यायचं. मनापासून. बाईंनीच शिकवलं. आधी लिहा, मग झाका, वर चित्र काढा. मी विचारलंसुद्धा त्यांना, घरातल्या कुणी वाचलं तर? त्या म्हणाल्या, रंगाखालचं कोण बघायला जातंय. त्यांना काय माहीत, माझा नवरा पॉलिशवाला आहे ते."

"मी वार्निश मारणार होतो. तुझ्यासाठीच."

"मग मारायचं होतं. खरवडलंत कशाला?"

तो नुसता पत्री पुसत राहिला. तिनं भिंतीकडे हात केला. तिथं बाकीच्या फळ्या रांगेनं टेकून उभ्या होत्या, निळ्या, करड्या, एक सबंध लाल.

"त्याही घासा की. एकच वाचून कशाला थांबलात?"

"त्यांत काय लिहिलंयस?"

"घासा. हत्यार हातातच आहे."

त्यानं पत्री खाली ठेवली.

तिनं वेळेवर स्वयंपाक केला. ताट वाढलं, पाणी ठेवलं, आमटी पुन्हा हवी का विचारलं. रोजचं ते वाक्य मात्र आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. त्यानं आणलेले प्लायचे तुकडे कोपऱ्यात पडून राहिले, त्यांना तिनं हात लावला नाही. आणि भिंतीजवळच्या फळ्या घासण्याची त्याची छाती झाली नाही.

थोरली नोकरीला लागली त्या वर्षी, थंडी संपता संपता, पॉलिशवाला वारला.