हुंकाऱ्याची अट

"गोष्टीचा प्रकार ओळखला, की शेवट आपोआप कळतो. जगातली एकही गोष्ट याला अपवाद नाही!" नाशिकच्या सभागृहात असं जाहीर करून प्राध्यापक खैरनार ऐटीत आपल्या खुर्चीकडे वळले, तर तिथे पेठहून गोष्ट सांगायला आलेल्या ठमाबाई आधीच मांडी घालून बसल्या होत्या.

सरांनी उभ्यानेच बजावलं, "रेकॉर्डिंग चालू आहे. कुणी हूं की चूं करायचं नाही."

ठमाबाईंनी गोष्ट सुरू केली. झोपडीत एकटी बाळंतीण आणि दाराशी वाघ. सरांनी लगेच फळ्यावर 'प्राणिकथा' लिहिलं. वाघ म्हणाला, "ताई, दार उघड." आणि ठमाबाई थांबल्या. त्यांच्या पाड्यावर ऐकणाऱ्याचा हुंकारा थांबला, की तो झोपला असं समजून गोष्ट तिथेच ठेवून देतात.

"का थांबलात, बाई?"

"कुणी हूं म्हणंना. झोपलेल्याला काय सांगू?"

"अहो, रेकॉर्डिंगमध्ये हूं चालत नाही."

"मग माझी गोष्ट बी चालत नाय. तुमाला शेवट ठावा हाय ना सर? मग सांगा तुमीच!"

त्यांनी पिशवी उचलली आणि त्या थेट पेठच्या एसटीत जाऊन बसल्या.

गाडी सुटणार तोच खिडकीवर टकटक झाली. खाली खैरनार सर धापा टाकत उभे होते.


"हूं... हूं... बाई, ताईनं दार उघडलं का, तेवढंच सांगा ना."