मंगळवारचं पान

अनिरुद्धरावांच्या पाठीवरच्या एक्झिमाला स्टेरॉइडचं मलम देताना डॉक्टरम्मांनी अंबाला बजावलं होतं, "दोन पंजांएवढ्या जागेला बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढंच. दिवसातून एकदा. चौदा दिवस झाले की बंद, नाहीतर कातडी पातळ होते."

त्यांचा स्वतःचा हात पाठीला पोचत नव्हता. म्हणून रोज आंघोळीनंतर अंबा त्यांच्यामागे बसायची आणि मलम लावता लावता राजवाड्यामागच्या गल्लीतल्या साऱ्या बातम्या सांगायची. चाळीस वर्षांच्या संसारात ती इतकी निवांत कधी बसली नव्हती. दहाव्या दिवशीच खाज गेली, पण ते काही बोलले नाहीत. भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरचं पान रोज सकाळी फाडायचं काम त्यांचं. चौदाव्या दिवसाचं पान मात्र त्यांनी फाडलंच नाही. शुक्रवार उजाडला तरी भिंतीवर मंगळवारच लटकत होता.

"अजून खाजतं?" अंबाने विचारलं.

"थोडंसं."

तिची बोटं पाठीवरून फिरू लागली. तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास आज त्यांना जरा जास्तच आला.

"मलम मी मंगळवारीच कपाटात ठेवून दिलं," ती मागून म्हणाली. "तीन दिवस नुसतं खोबरेल लावतेय. फाडा ते पान आता. उद्याही बसते मी."