माहेरचं विरजण

सांगलीच्या डॉक्टरांनी समजावलं होतं की कंपवात झालेल्या माणसांच्या आतड्यातले जंतू निरोगी माणसांपेक्षा वेगळे असतात. धोंडुबाईने तेवढंच मनात धरलं. माण तालुक्यातल्या माहेरी तिचा म्हातारा भाऊ अजून मेंढरांमागे डोंगर चढायचा. त्याच्या घरचं विरजण तिने निरोगी जंतूंचं म्हणून आणलं आणि रोज कंपवाताच्या गोळीबरोबर नवऱ्याला वाटीभर दही भरवू लागली. त्याचे पाय मात्र जास्तच आखडत गेले. एका सकाळी तो उंबऱ्यातच कोसळला, खुबा मोडला. "आजी, दह्यासोबत ही गोळी नीट लागू पडत नाही," डॉक्टर हलकेच म्हणाले. "आता त्यांचं चालणं अवघड आहे." ती नवऱ्याच्या खाटेपाशी बसली. "आवं, तुमाला कायच जाणवलं न्हाई?" "जाणवत हुतं. दही खाल्लं की अंग लाकूड व्हायचं." "मग बोलला का न्हाई?" "भरवताना तू हसत हुतीस, लय दिसांनी."