आधी पाहुणा

डफ शेगडीवर धरला की शेवटी थाप मारून बघायचीच, ही बाबुरावच्या हाताची जुनी खोड. थंडीनं कातडं सैल पडतं. ते निखाऱ्यांवर शेकून ताणून घ्यायचं आणि मग बोटांनी विचारायचं, बोलतोस का रे बाबा? त्या सकाळीही त्याच्या बोटांनी विचारलं. डफ खणखणीत बोलला, तो थेट चाळीच्या फाटकापर्यंत ऐकू गेला.

आणि बाहेर संचारबंदी! मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे कळल्यापासून लालबाग-परळ पेटलं होतं. गोळ्या सुटत होत्या. पोलीस चाळीचाळीतून चळवळीचे डफवाले शाहीर हुडकत होते.

"शाहिरा, ह्या काय केलंस!" सुंदराबाईच्या हातातली भाकरी परातीतच फाटली.

बाबुरावनं जीभ चावली. कऱ्हाडकडून दौऱ्यावर आलेलं त्याचं कलापथक खोल्याखोल्यांतून उतरलं होतं. तो होता गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या रामजी आणि सुंदराबाईकडे. घरात गोधडी एकच, ती पाहुण्याला. नवराबायको गोणपाटावर कुडकुडायची. वर रामजीचा हट्ट असा, की पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय हा आपल्या ताटाला शिवायचा नाही. "दादा, माझ्या पायी तुमचं जेवण निवतंय," असं बाबुराव रोज म्हणायचा आणि मुद्दाम सावकाश घास करायचा. रामजी हसायचा.

लाकडी जिन्यावर बूट वाजले. खाली कुठलीशी बाई किंचाळली.

रामजीनं डफ हिसकावून स्वतःच्या मांडीवर घेतला. सुंदराबाईनं बाबुरावला भिंतीकडं लोटलं, तोंडावरून गोधडी ओढली आणि त्याच्या दोन्ही हातांवर गुडघे रोवून बसली. "हललंस तर माजी शपथ हा," ती पुटपुटली.

दार लाथेनं उघडलं. पुढं साहेब, मागं हवालदार आणि दोन शिपाई. एकानं शेगडी उडवली. निखारे खोलीभर पसरले, गोणपाट धुमसायला लागलं.

"हा कोण झोपलाय?"

"दीर माजो. तापान फणफणता हा."

गोधडीवर एक काठी बसली. बाबुरावनं दातांत कापड धरलं.

"डफ कुणाचा?"

"माझा," रामजी म्हणाला.

"वाजव."

रामजीचा जन्म साच्यावर गेलेला. तुटलेला धागा डोळे मिटून जोडेल, पण डफाला त्यानं कधी हात लावला नव्हता. त्याला येत होतं ते एकच. गावच्या शिमग्यात पालखीपुढं ढोल वाजतो, तो ठेका. त्यानं तोच धरला. जळक्या धुरात, बुटांच्या गराड्यात, ऐन पौषात शिमगा वाजायला लागला. हवालदाराची मान त्याच्याही नकळत हलली.

"साहेब, हा शिमग्याचा ठेका," तो म्हणाला. "आमच्या गावाकडं वाजतो. हा शाहीर नव्हे, साहेब." त्या बापड्यानं सांगितलं ते रामजीला सोडवायलाच.

"असं? मग शाहीर कोण?"

साहेबाची नजर खोलीभर फिरून रामजीवर थांबली.

"डफ तुझाच ना? नक्की?"

"माझाच."

"मग ठेव हात उंबऱ्यावर." साहेब हवालदाराकडं वळला. "तुझ्या गावचा आहे ना? मग तूच मार."

रामजीनं दोन्ही हात उंबऱ्यावर ठेवले. हवालदार घुटमळला. साहेबानं त्याच्या पाठीत हातातला दंडुका हाणला, तशी त्याची काठी खाली आली. पहिल्या फटक्याला रामजी ओरडला नाही. दुसऱ्याला ओरडला. मग काठी येतच राहिली आणि बोटं मोडल्याचा आवाज गोधडीच्या आतही स्वच्छ आला.

मीच तो शाहीर, एवढं म्हटलं असतं तर काठी थांबली असती, हे बाबुरावला कळत होतं. हात गुडघ्यांखाली अडकलेत, मी तरी काय करू, असं तो मनाशी घोकत राहिला. सुंदराबाई मूठभर बाई. तिचं वजन ते काय!

जाताना साहेबानं डफावर बूट दिला. कातडं टर्रकन फाटलं.

दुपारी शेजाऱ्यांनी हळद भरून, कामट्या लावून रामजीचे हात बांधले. बोटांना आकार उरला नव्हता. आता त्याच्या साच्यावर कोण उभं राहणार आणि ह्या घरात चूल कशी पेटणार, हे प्रत्येकाच्या मनात होतं. सुंदराबाईनं ताटं मांडली. भात आणि कुळथाची पिठी. रोजच्यासारखं पहिलं ताट तिनं बाबुरावपुढं सरकवलं. त्याच्याकडं बघितलं मात्र नाही.

बाबुरावला ताटावर बसवेना. त्यानं रामजीच्या ताटातला घास कालवला. त्याच्या स्वतःच्या बोटांवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. त्या बोटांनी तो घास त्यानं रामजीच्या तोंडाशी नेला.

"दादा, माझं चुकलं. खा, तुमच्या पाया पडतो."

रामजीनं तोंड बाजूला केलं.

"आदी तू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच बाबुरावला सोसवेना. "पावणो उपाशी आणि घरधनी जेवता, असा आमच्यात नसता."

बाबुरावनं घास आपल्या तोंडात घातला. चावला. तो काही केल्या गळ्याखाली उतरेना.

रामजी बांधलेले हात मांडीवर ठेवून, रोजच्यासारखाच, त्याच्या गिळण्याची वाट बघत बसला होता.