सहाही सुखरूप

"काका, तुमचे अजून जिवंत आहेत?" शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवाल्याने मान लांब करून त्यांच्या पडद्यात डोकावलं. "माझे दोन सकाळीच ढगात गेले. म्हणजे ढगांच्याही वर!"

सांभाळूनराव हसले नाहीत. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून राबताना दिवसातून शंभरदा "सांभाळून" म्हणायची सवय जडली आणि कामगारांनी त्यांचं बारसंच करून टाकलं.

रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा एक आणि उमेदवार बारा. मुलाखतीऐवजी पाच दिवस हॉलमध्ये बसून संगणकावर एक खेळ खेळायचा होता. सहा अंतराळवीर चंद्रावर न्यायचे, तिथे तळ उभारायचा, मुदतीत सगळ्यांना परत आणायचं आणि शेवटी एक पानी अहवाल लिहायचा.

ऐकूनच बायकोने कपाळाला हात लावला होता. "एवढ्या घोड्याला खेळायला बोलावलंय? आणि तुम्ही जाणार?"

जाणार नाहीत तर काय करणार! सात महिने घरी बसून होते. आधीच्या गोदामात क्रेनचा दोर झिजला होता, म्हणून त्यांनी काम थांबवलं. मालकाने त्यांनाच थांबवलं. त्यानंतर चार ठिकाणी जमत आलं होतं, पण त्या मालकाला एक फोन गेला की घोडं अडायचं. बायको दुप्पट शिकवण्या घेऊन संसार ओढत होती आणि मुलीचं कॉलेज तोंडावर आलं होतं. ही नोकरीही हातची गेली तर पुढे काय, हे नवराबायको एकमेकांना विचारतसुद्धा नव्हते.

खेळ त्यांना मुलीनेच शिकवला. तिच्या अंतराळवीरांची नुसती दैना होती. एकाला तिने पॅराशूटशिवाय उतरवलं होतं, दुसरा इंधन संपून सूर्याभोवती घिरट्या घालत होता आणि त्याला ती 'मामा' म्हणायची.

"अगं, माणसं आहेत ना ती!"

"बाबा, चित्रं आहेत. आणि मेला तर मेला. आधी सेव्ह करून ठेवायचं आणि मग बटण दाबून मागे जायचं. म्हणजे कुणी मेलंच नाही."

"खऱ्यात येतं का मागे जाता?" त्यांनी तिला दटावलं.

हॉलमध्ये ते डोळ्यांत तेल घालून खेळले. प्राणवायू दोनदा मोजला, पॅराशूट तीनदा तपासलं. आजूबाजूला मात्र माणसं पटापट मरत होती. अग्निशमन दलातून आलेल्या बाईंचा पहिला गेला तेव्हा त्या बराच वेळ डोकं धरून बसल्या. चष्मेवाल्याला कसलं सोयरसुतक! "नवे मिळतात हो," म्हणत तो रिकाम्या जागा भराभर भरत होता. सांभाळूनरावांना त्याचा मनस्वी राग आला. असली माणसं कारखाना सांभाळणार!

तिसऱ्या दिवशी दुपारी तळावरची एक झडप निकामी झाली. धावपळ करून त्यांनी पाच जणांना आत घेतलं. सहाव्याची चौकट लाल झाली, मग काळी पडली.

चित्रच ते, पण त्यांनी त्या चौकटीवर पुन्हा पुन्हा क्लिक करून पाहिलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. देखरेखीचा माणूस खिडकीशी चहा पीत होता. कुणाचंच लक्ष नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं.

खेळ वीस मिनिटं मागे, आपोआप सेव्ह झालेल्या जागी गेला. आता झडप कधी दगा देणार हे ठाऊक होतं, म्हणून सहाही जण आधीच आत आले. एकदाच, त्यांनी मनाला समजावलं. खेळच तर आहे.

पाचव्या दिवशी अहवालात त्यांनी लिहिलं, "सहाही सुखरूप. जीवितहानी नाही." चष्मेवाल्याने मात्र चक्क लिहून दिलं होतं, "चार गेले. घाई माझीच." वेडाच दिसतोय, त्यांना वाटलं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक बाईंनी त्यांना एकट्यालाच बोलावलं. बायकोने निघताना त्यांच्या शर्टाची कॉलर दोनदा नीट केली.

बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तिसऱ्या दिवसाची दुपार होती, पाच हिरव्या चौकटी होत्या आणि एक काळी.

"हा कोण?"

"चुकलं माझं," ते कसंबसं म्हणाले. "सात महिने घरी आहे, मॅडम. मुलगी... तेवढ्यापुरती बुद्धी फिरली. पण मी असा माणूस नाही हो. वीस वर्षांत एक खोटी सही केलेली नाही. हवं तर मला काढलं त्या मालकांनाही विचारा."

"विचारलंय. म्हणून तर तुमच्याबद्दल धाकधूक होती." बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "ती झडप आम्हीच निकामी करतो. बाराही जणांचं कुणी ना कुणी गेलं. अकरा जणांनी ते लिहून दिलं. त्या अग्निशमनवाल्या बाईंनी तर पान कमी पडलं म्हणून मागेही लिहिलंय."

सांभाळूनरावांना आता मान वर करवेना. "येतो मी," म्हणत ते उठले.

"बसा हो. तुमचं नियुक्तीपत्र तयार आहे." बाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी एक कोरा कागद सरकवला. "काल टाकी धुवायला दोघं उतरले, ते वर आले नाहीत. घरी अजून कळवलेलं नाही. आधी तुमचा अहवाल होऊ दे."